बर्डीजवळचा हिवाळी शेतकरी बाजार : दुसऱ्या हंगामाची आखणी

धरमपेठी

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ कुटुंबांनी मिळून सीताबर्डीपासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका मैदानात दर रविवारी शेतकरी बाजार भरवला. नोव्हेंबरचा दुसरा रविवार ते फेब्रुवारीची अखेर असा तो हंगाम होता. नागपूरकरांना वाराच्या बाजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी अशी वारांची नावे अंगावर वागवणाऱ्या वस्त्यांचे हे शहर आहे. मात्र त्या बाजारांना कायमची दुकाने झाली आणि शेतकरी स्वतः मांडी घालून बसतो तो बाजार शहराच्या मधल्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. तो चार महिन्यांपुरता तरी परत आणता येईल, असे आम्हांला वाटले.

पहिल्या रविवारी तेवीस शेतकरी आले. गर्दी इतकी झाली की साडेदहालाच पालेभाजी संपली आणि आम्ही सगळे एकमेकांचे अभिनंदन करीत फिरलो. चौथ्या रविवारी नऊ शेतकरी होते. ग्राहक त्या दिवशीही बऱ्यापैकी होते, म्हणजे गिऱ्हाईक आटले म्हणून बाजार आटला असे म्हणता येत नाही. शेतकरीच परतले नाहीत.

त्यामागचे कारण मला एका प्रसंगातून कळले. कळमेश्वरकडून येणारे एक वयस्क काका तिसऱ्या रविवारी मेथी व पालक घेऊन आले होते. दुपारी साडेबारा वाजता त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास जुड्या उरल्या होत्या. त्यांनी गोणपाट ओले करून वर टाकले, पुन्हा काढले, पुन्हा भिजवले. मेथीची पाने तोवर कडेने काळपट पडू लागली होती. दीड वाजता त्यांनी खिशातले पैसे मोजले, त्यातले गाडीभाड्याचे बाराशे रुपये बाजूला काढले आणि उरलेल्या नोटा परत मोजल्या नाहीत. जुड्या मैदानामागच्या गोठ्यात देऊन ते निघून गेले. चौथ्या रविवारी ते आले नाहीत, आणि मला फोन करण्याचे धाडस झाले नाही.

या वर्षी पुन्हा बाजार भरवायचा आहे. जागा, परवानगी, भाव, शेतकऱ्याची ओळख, हंगामाची लांबी या सर्वांवर आपली मते हवी आहेत. परंतु माझा मुख्य प्रश्न असा की दुपारी उरलेल्या मालाचे काय करावे.

आंबिया बहार

मी काटोल तालुक्यातला संत्रा बागाईतदार आहे. आपल्या बाजारात मी एकदा ग्राहक म्हणून येऊन गेलो. संत्र्याच्या शहरातल्या शेतकरी बाजारात त्या दिवशी संत्र्याची एकच पाटी होती, आणि तीही विकत आणलेल्या फळांची असावी, असा मला संशय आहे.

याचे कारण शहरातल्या मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्याकडे बहुतेक बागा फळ झाडावर हिरवे असतानाच व्यापाऱ्याला दिल्या जातात. सौदा झाला की तोडणी, वाहतूक आणि बाजार हे सगळे व्यापाऱ्याचे. झाडाखाली पडलेले फळ उचलतानासुद्धा आम्हांला विचार करावा लागतो. म्हणून आपण नोव्हेंबरात शेतकऱ्याला "संत्री घेऊन या" असे म्हणता, तेव्हा त्याच्या बागेत संत्री लगडलेली असतात, पण ती त्याची नसतात. आपल्याला खरोखर बागाईतदार हवे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरात, सौद्याच्या आधी, त्यांच्याशी बोलले पाहिजे आणि बागेतली दहा-पंधरा झाडे सौद्याबाहेर ठेवायला सांगितले पाहिजे. व्यापारी थोडा कुरकुरतो, पण आधी ठरले असेल तर मान्य करतो.

दुसरी गोष्ट बहाराची, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाची. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत येते आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या जानेवारीत चांगले फळ कमी असते. आपला बाजार नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालणार असेल तर बरोबर मध्यभागी त्याच्या मुख्य फळाची तूट पडणार, हे आधीच गृहीत धरावे.

तिसरी गोष्ट रंगाची. आंबियाचे सुरुवातीचे फळ गोड झालेले असले तरी सालीवर हिरवे डाग असतात, कारण हिरवेपणा जायला रात्रीचा गारवा लागतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी तो पुरेसा नसतो. शहरातला ग्राहक ते कच्चे समजून पुढे जातो आणि शेजारच्या हातगाडीवरचे पिवळेधमक फळ घेतो. यावर उपाय एकच : सुरी आणि ताटली. फळ सोलून फोड हातात द्यावी. पाटीवर कितीही लिहिले तरी कोणी वाचत नाही.

तराजू

नियमांविषयी थोडे लिहितो, कारण पहिल्या वर्षी या बाबतीत उत्साहाच्या भरात दुर्लक्ष होते.

फळे व भाजीपाला 2016 साली राज्यात बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला आहे. त्यामुळे शेतकऱ्याने आपला माल थेट शहरात विकण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. त्याच वर्षी कृषी पणन मंडळामार्फत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराचे अभियानही सुरू झाले. तेव्हा अर्ज करताना आपण काही जगावेगळे मागत आहोत अशा अजीजीने बोलू नये. जागेची परवानगी मात्र जागेच्या मालकाची वेगळी, महानगरपालिकेची वेगळी आणि वाहतुकीच्या दृष्टीने पोलिसांची वेगळी असते. तिन्ही कागदांवर तारखा एकसारख्या आहेत ना, हे पाहून घ्यावे.

काटा हा वादाचा खरा विषय आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून वर्षातून एकदा पडताळणी करून घ्यावी लागते. शेतकऱ्याच्या घरचा काटा बहुधा बिनशिक्क्याचा असतो. आपल्या गटाने पाच-सहा काटे विकत घेऊन, पडताळणी करून, रविवारी सकाळी वाटावेत व दुपारी परत घ्यावेत. एक काटा प्रवेशाजवळ ठेवावा. ज्याला शंका असेल त्याने तिथे पुन्हा तोलून पाहावे. हा काटा क्वचितच वापरला जातो, परंतु तो दिसत राहिला की बाकीचे काटे सरळ राहतात.

अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या पिकाला लागू होत नाही. लोणचे, पापड, मुरंबा, संत्राबर्फी किंवा गरम भजी विकणाऱ्याला मात्र नोंदणी लागते. बचत गटाच्या ताईंना हे सप्टेंबरातच सांगावे, म्हणजे ऐन वेळी त्यांची पाटी मागे फिरवावी लागणार नाही.

गल्लीतला

मला या बाजाराविषयी दोन आक्षेप आहेत, आणि ते मी स्पष्टपणे मांडतो.

पहिला असा की आपण ज्यांना शेतकरी म्हणता त्यांतले किती शेतकरी होते? मी पहाटे माल आणायला कॉटन मार्केटच्या घाऊक भाजीबाजारात जातो. तिथे पाच वाजता पोती भरणारे दोन चेहरे मला नऊ वाजता आपल्या बाजारात, नवा गमछा गळ्यात घालून बसलेले दिसले. विकत घेऊन विकणे हा प्रामाणिक धंदा आहे, मीही तेच करतो. पण मग त्याला मैदान फुकट आणि आम्ही रस्त्याच्या कडेला, हे कोणत्या न्यायाने?

दुसरा आक्षेप भावाचा. आपल्याकडे एका पाटीवर टमाटे घाऊक भावापेक्षाही खाली विकले गेले, कारण शेतकऱ्याला घरी जायची घाई होती. त्या दिवशी आसपासच्या भाजीवाल्या बायांचा माल हलला नाही. ग्राहकाला स्वस्त मिळाले, शेतकऱ्याला काही मिळाले नाही आणि आमचाही रविवार गेला.

सोलेभात

मी केवळ ग्राहक आहे. सहा रविवार आले. मला काय आवडले आणि मी नंतर का थांबले, एवढेच सांगते.

तुरीच्या ओल्या शेंगा, पोपटाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, लाल मुळे, बोरे, शिंगाडे हे पदार्थ मॉलमध्ये मिळत नाहीत आणि मिळाले तरी शिळे असतात. त्यांच्यासाठी मी दहा किलोमीटर येईन. टमाटे आणि आलू मला घराखाली मिळतात. पहिल्या दोन रविवारी शेंगा होत्या. नंतर सगळ्या पाट्यांवर पत्ताकोबी, फुलकोबी, टमाटे, आणि तेच सगळीकडे. चार पाट्यांवर एकच भाजी असली की मी भाव करू लागते, हे मला कबूल आहे.

एक ताई तुरीचे दाणे सोलून पावशेराच्या पुड्या करून विकत होत्या. त्यांच्यापुढे रांग होती आणि त्यांच्याशी कोणी भाव करीत नव्हते. सोलेभात सगळ्यांना आवडतो, शेंगा सोलायला कोणाला नको असतात.

आणि कृपया पाट्यांवर आपल्या बोलीतले शब्द लिहा. माझ्या पुण्याच्या जाऊबाईंना कोथिंबिरीच्या पाटीवर "सांभार दहा रुपये" वाचून सांबार मिळते की काय असे वाटले, हे खरे. पण त्यावरूनच त्यांचे त्या शेतकरीण काकूंशी पंधरा मिनिटे बोलणे झाले आणि त्या तीन जुड्या सांभार व किलोभर वांगी घेऊन निघाल्या.

धरमपेठी

गल्लीतला भाऊ, आपला पहिला आक्षेप आम्हांला मान्य आहे. ते दोघे आमच्याही लक्षात आले होते, परंतु तेवीसचे नऊ झालेले असताना पाट्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्ही डोळेझाक केली. ती आमची चूक होती.

या वर्षी प्रत्येकाकडून चालू सातबारा घेणार आहोत आणि त्यावरची पिकांची नोंद पाहणार आहोत. 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पिकाची छायाचित्रासह नोंद करतो, त्यामुळे तपासणे सोपे झाले आहे. अडचण अशी की संत्र्याच्या झाडांमध्ये किंवा धुऱ्यावर लावलेल्या चार वाफे मेथीची नोंद कोणी करीत नाही, आणि आपल्याला हवा असलेला लहान शेतकरी नेमका तोच असतो. शिवाय जमीन सासऱ्यांच्या नावावर आणि भाजी सुनेच्या हातची, अशी घरे तर किती तरी आहेत. म्हणून कागदाबरोबर शेतावर एक चक्कर, असे ठरवले आहे. आठ कुटुंबांनी प्रत्येकी तीन शेते पाहिली तर दिवाळीपूर्वी काम होते. शेत पाहून आलेला माणूस बाजारात त्या पाटीविषयी ग्राहकाशी जे बोलतो, ते सातबारा वाचून बोलता येत नाही, हाही त्यातला फायदा आहे.

आसपासच्या भाजीवाल्या बायांविषयी मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही.

तराजू

भावाचा प्रश्न इतर राज्यांनी आपल्या आधी सोडवून पाहिला आहे. पंजाबात 1987 पासून अपनी मंडी नावाचा शेतकरी बाजार भरतो. 1999 साली तत्कालीन आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि तामिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै सुरू झाले. रयतु बाजाराची पद्धत अशी की रोज सकाळी घाऊक भावापेक्षा वर आणि किरकोळ भावापेक्षा खाली असा दर ठरवून फळ्यावर लिहितात. मला त्यातली घ्यावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे खालची मर्यादा. वर कितीही जावे, पण फळ्यावरच्या दराखाली कोणी विकू नये. गल्लीतला भाऊंसारख्या रोज बाजार जाणणाऱ्या एका माणसाला त्या फळ्याजवळ सकाळी आठला बसवावे. कळमन्याच्या घाऊक बाजारातला आणि कॉटन मार्केटातला त्या पहाटेचा भाव त्यांच्याइतका अचूक आपल्यापैकी कोणालाच माहीत नसतो.

गल्लीतला

बसतो. पण फळ्यावरचा दर मोडणाऱ्याला पुढच्या रविवारी जागा मिळणार नाही, हे लिहून द्या.

झीरो माईल

तारखांविषयी एक सूचना करतो, कारण शहराच्या मध्यभागी बाजार भरवायचा म्हणजे शहराचे पंचांग पाळावे लागते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते. यशवंत स्टेडियमजवळून निघणारे मोर्चे, मॉरिस कॉलेज चौकातले अडथळे, टेकडी रस्त्यावरचा बंदोबस्त यांमुळे आठवडाभर बर्डीतली वाहतूक वळवलेली असते. रविवारी मोर्चे नसतात, पण मैदाने व सभागृहे आधीच कोणत्या ना कोणत्या कामासाठी गुंतलेली असू शकतात. त्या दोन-तीन रविवारांसाठी पर्यायी जागा आताच लिहून घ्या, आणि ती मेट्रो स्थानकापासून जवळ असू द्या. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकत्र येतात, हा आपल्याकडचा मोठा लाभ आहे आणि भाजीच्या पिशवीला मेट्रोत कोणी अडवत नाही.

संक्रांतीच्या आधीचा रविवार हा हंगामातला सर्वांत मोठा दिवस धरावा. वाणासाठी बोरे, उसाचे करवे, घाटे, गाजर, तीळ, गूळ हे सगळे त्याच दिवशी लागते. आंबिया बहार यांनी जानेवारीतली संत्र्याची तूट सांगितली आहे, ती या मालाने भरून निघेल.

चिन्नोर

मी भंडारा जिल्ह्यातला धान उत्पादक आहे आणि उरलेल्या मालाच्या प्रश्नावर थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. मेथी दुपारी मरते. तांदूळ मरत नाही. माझा उरलेला तांदूळ मी पुढच्या रविवारी आणतो. म्हणून बाजाराचा कणा कोरड्या मालाचा असावा आणि पालेभाजी थोडकी, मागणीनुसार असावी, असे माझे मत आहे.

या भागात कोरड्या मालाची वानवा नाही. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला एचएमटी तांदूळ, वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद, आपल्याच जिल्ह्यातली भिवापूरची मिरची, लाखोळी, जवस. एचएमटीला हे नाव त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून मिळाले, ही गोष्ट मी पाटीवर लिहून ठेवतो. जुनी माणसे ती वाचून आपले मनगट दाखवतात आणि पाच किलो घेऊन जातात.

आपण फेब्रुवारीअखेर बाजार बंद करता, ते मला पटत नाही. हळद आणि लाल मिरची वाळून तयार होते ती नेमकी त्यानंतर, आणि नागपुरातली घरे वर्षाचे तिखट-हळद मार्चमध्ये भरतात. मृग बहाराची संत्रीही तेव्हा असतात. ऊन वाढते हे मान्य, म्हणून मार्चमध्ये बाजार सकाळी सात ते साडेदहा ठेवावा. पण तिखटाच्या हंगामाआधी बाजार उठवणे म्हणजे पंगतीत वरणभात वाढून झाल्यावर पाने उचलण्यासारखे आहे.

आंबिया बहार

चिन्नोर यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु पालेभाजीवाल्याला वाऱ्यावर सोडून चालणार नाही. ग्राहक बाजाराला येतो तो ताज्या भाजीसाठी. तांदूळ तो आल्यावर घेतो.

उरलेल्या मालाचा हिशेब असा मांडावा. काकांनी दोनशे जुड्या आणल्या असतील आणि दीडशे विकल्या असतील, तर उरलेल्या पन्नास हाच त्यांचा नफा होता, कारण आधीच्या दीडशेत बियाणे, मजुरी आणि ते बाराशे रुपये गेले. शेवटच्या पन्नासांचा बंदोबस्त झाला तरच माणूस परत येतो.

त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. एक, अर्धा माल बाजाराआधीच विकलेला असावा : शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ग्राहकांकडून मागणी घ्यावी, शनिवारी शेतकऱ्याला आकडा कळवावा, म्हणजे तो तेवढीच भाजी खुडेल. दोन, एखाद्या खानावळीशी किंवा वसतिगृहाच्या भोजनगृहाशी संपूर्ण हंगामाचा करार करावा की दुपारी साडेबाराला उरेल ती पालेभाजी ठरलेल्या दराने ते उचलतील. तो दर कमी असेल, पण आधी ठरलेला असेल. आणि एका गावच्या चार-पाच जणांनी मिळून एक गाडी करावी. बाराशे रुपये एकट्याने भरायचे कारण नाही.

सोलेभात

शुक्रवारच्या मागणीच्या यादीत माझे नाव पहिले लिहा. भोजनगृहासाठीही एक ठिकाण माझ्या ओळखीचे आहे. तिथे रोज तीनशे मुली जेवतात आणि रविवारी रात्री पालकाची भाजी असते. मी उद्या विचारून कळवते.

धरमपेठी

तीन दिवसांतल्या चर्चेनंतर आम्ही काल बसून बरेच काही बदलले आहे. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या तिसऱ्या रविवारपर्यंत राहील. पाट्या पंधराच ठेवणार आहोत, आणि कोणतीही एक भाजी तीनपेक्षा अधिक पाट्यांवर असणार नाही. पाच काट्यांसाठी पैसे जमले आहेत. रस्त्यावरच्या चार भाजीवाल्या बायांना मैदानाच्या तोंडाशी, आपण ठेवत नाही ते आलू, कांदे, लसूण आणि आले विकण्यासाठी जागा द्यायची, असे गल्लीतला भाऊंनी सुचवले आणि ते सर्वांनी मान्य केले. भोजनगृहाने पालक आणि मेथी दोन्हींना होकार दिला आहे. दर आमच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी आहे.

काल मी कळमेश्वरच्या काकांना अखेर फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की साडेबाराला माल न्यायला येणारा माणूस रोख देणार की महिन्याने. रोख, असे मी सांगितले आहे, त्यामुळे ते आता भोजनगृहाकडून लिहून घ्यावे लागेल. सोलेभात ताई, एवढे आपण कराल का?

आंबिया बहार, आपल्या बागेचा सौदा झाला का?

आंबिया बहार

परवा झाला. पंधरा झाडे बाजूला ठेवली आहेत, विहिरीकडच्या ओळीतली. खोडांना चुन्याचा पट्टा मारून खूण केली आहे, म्हणजे तोडणीच्या दिवशी कोणाचा गैरसमज होणार नाही. आपल्याकडून शेत पाहायला जे कोणी येतील त्यांनी सकाळी लवकर यावे; दहानंतर आम्ही फवारणीला लागतो.